विश्लेषण : भिगवणच्या पहाटेचे छायाचित्र अर्ध्या तासातच का संपते? प्रकाश, धुके आणि रोहित पक्ष्यांचे गणित काय?

थंडी पडू लागली की पुणे-सोलापूर महामार्गावर पहाटे भिगवणच्या दिशेने जाणाऱ्या गाड्यांची संख्या वाढते. उजनी धरणाच्या फुगवट्यावर, कुंभारगाव आणि डिकसळच्या काठावर कॅमेरे घेतलेली मंडळी अंधारातच जमतात. भीमेचे संथ पाणी, त्यावरचे धुके, रोहित अर्थात फ्लेमिंगोंचा थवा आणि मागे उगवता सूर्य असे एक छायाचित्र प्रत्येकाला हवे असते. मात्र ते कोणाला मिळते, कोणाला मिळत नाही. हा केवळ नशिबाचा किंवा महागड्या कॅमेऱ्याचा भाग नाही. सूर्याची चाल, रात्रीचे हवामान, धरणातील पाण्याची पातळी आणि होडी कशी चालवली जाते, यावर ते छायाचित्र ठरते. यातल्या शेवटच्या मुद्द्यावर पक्ष्यांचे आणि त्यांच्यावर पोट असलेल्या स्थानिकांचेही बरेच काही अवलंबून आहे.

सूर्योदयाच्या प्रकाशात वेगळे काय असते?

सूर्य डोक्यावर असतो तेव्हा त्याचा प्रकाश वातावरणाचा तुलनेने पातळ थर पार करून येतो. क्षितिजावर असताना त्याच प्रकाशाला साधारण ३८ पट हवेतून वाट काढावी लागते. हवेतील रेणू निळ्यासारख्या आखूड लहरींचा प्रकाश जास्त विखुरतात आणि तांबड्यासारख्या लांब लहरींचा कमी. एवढ्या लांबच्या प्रवासात निळा प्रकाश वाटेतच विखुरला जातो आणि डोळ्यांपर्यंत पिवळा, केशरी, तांबडा उरतो.

वातावरणामुळे किरण वाकतात, हेही येथे महत्त्वाचे. क्षितिजाजवळ सूर्य प्रत्यक्षापेक्षा सुमारे अर्धा अंश वर दिसतो. सूर्यबिंबाचा व्यासही साधारण तेवढाच. म्हणजे सूर्याची खालची कड क्षितिजाला टेकलेली दिसते, तेव्हा भूमितीच्या हिशेबाने तो अख्खा क्षितिजाखालीच असतो.

मराठीत या वेळेसाठी झुंजूमुंजू, तांबडे फुटणे, फटफटणे असे शब्द आहेत. खगोलशास्त्र तिचे तीन टप्पे करते. सूर्य क्षितिजाखाली १८ ते १२ अंश असताना खगोलीय, १२ ते ६ अंश असताना नाविक आणि ६ अंशांपासून उगवेपर्यंत नागरी संधिप्रकाश. या शेवटच्या टप्प्यात आकाश आणि जमीन यांच्या उजेडातील फरक आटोक्यात असतो. म्हणून अनुभवी छायाचित्रकारांची बरीच चांगली चित्रे सूर्य दिसण्याच्या आधीच घेतलेली असतात.

हा वेळ इतका कमी का?

छायाचित्रणाच्या पुस्तकांत आणि चित्रफितींत ‘गोल्डन अवर’ म्हणजे सोनेरी तास हा शब्द सर्रास येतो. हा शब्द रूढ करणारे बरेचसे साहित्य युरोप-अमेरिकेतले आहे. तेथील उच्च अक्षांशांवर सूर्य तिरका चढतो. डिसेंबरात लंडनमध्ये क्षितिजापासून ६ अंश वर येण्यास त्याला पाऊण तासाहून अधिक वेळ लागतो.

भिगवण साधारण १८ उत्तर अक्षांशावर आहे. येथे सूर्य बराच सरळ चढतो आणि तेवढीच उंची अर्ध्या तासाच्या आत गाठतो. सूर्योदयापूर्वीचा नागरी संधिप्रकाशही २२ ते २४ मिनिटांचाच. त्यामुळे महाराष्ट्रातला ‘सोनेरी तास’ प्रत्यक्षात अर्धाच तास असतो. सूर्योदयाच्या वेळेला काठावर पोहोचणाऱ्याची निम्मी संधी तोवर हुकलेली असते. अर्धा-पाऊण तास आधी जागेवर असणे, हा सर्वांत स्वस्त आणि सर्वांत उपयोगी नियम.

वेळेचा आणखी एक चकवा आहे. सर्वांत लहान दिवस २१-२२ डिसेंबरचा असला, तरी सर्वांत उशिराचा सूर्योदय त्या दिवशी नसतो. पुणे परिसरात तो जानेवारीच्या उत्तरार्धात, सात वाजून गेल्यावर होतो. दिशाही बदलत राहते. या अक्षांशावर डिसेंबरात सूर्य नेमक्या पूर्वेच्या सुमारे २५ अंश दक्षिणेला, तर जूनमध्ये तेवढाच उत्तरेला उगवतो. हा फरक जवळपास ५० अंशांचा आहे. डिसेंबरात ज्या जागेवरून सूर्य पाण्यावर उगवताना दिसतो, तेथूनच जूनमध्ये तो काठावरच्या झाडीआड जाऊ शकतो.

पाण्यावर धुके कसे तयार होते?

पाणी उशिरा तापते आणि उशिरा निवते. निरभ्र रात्री जमीन आपली उष्णता झपाट्याने आकाशाकडे सोडते आणि तिच्यालगतची हवा थंड होते. ही थंड, जड हवा उतारावरून पाण्याकडे सरकते. पाणी मात्र अजून तुलनेने उबदार असते. त्याच्या पृष्ठभागावरून उठणारी वाफ थंड हवेत मिसळताच तिचे सूक्ष्म थेंब होतात. चहाच्या कपावर दिसणाऱ्या वाफेचाच हा मोठा अवतार.

त्यासाठी तीन गोष्टी जुळून याव्या लागतात. रात्री आकाश निरभ्र हवे, वारा जवळपास नको आणि पाणी व हवा यांच्या तापमानात चांगला फरक हवा. ढगाळ रात्री जमिनीची उष्णता अडून राहते आणि धुके पडत नाही. वारा असेल तर कोरडी हवा मिसळून ते विरते. आदल्या रात्रीच्या हवामान अंदाजात किमान तापमान आणि दवबिंदू जवळ आलेले दिसले, वारा नाममात्र असला, तर पहाटे निघण्यात अर्थ आहे. ऊन चढू लागले की हे धुके बऱ्याचदा तास-अर्ध्या तासात निघून जाते.

धुक्याचे थेंब त्यांच्यावर पडणारा प्रकाश मुख्यतः पुढच्या दिशेने विखुरतात. म्हणून सूर्य पाठीशी ठेवून पाहिले तर धुके पांढुरके, निर्जीव दिसते. तेच सूर्याच्या दिशेने पाहिले तर उजळते. होड्या, जाळी टाकणारे मच्छीमार, पाण्यात उभी वठलेली झाडे यांच्या काळ्या आकृत्या त्या उजेडावर उठून दिसतात.

प्रदूषणामुळे सूर्योदय अधिक रंगीत होतो का?

हा समज सार्वत्रिक आहे, पण तो बव्हंशी चुकीचा आहे. निळ्या-तांबड्याची निवड करतात ते हवेचे अतिसूक्ष्म रेणू. धूर, धूळ आणि धुरक्यातील कण त्यांच्या तुलनेत फार मोठे असतात. ते सगळेच रंग कमी-अधिक प्रमाणात विखुरतात. परिणामी आकाश मळकट, फिक्या पिवळट-राखाडी रंगाचे दिसते आणि सूर्य क्षितिजाच्या बराच वर आल्यावर थाळीसारखा दिसू लागतो. पाऊस पडून गेल्यावर हवा धुतली जाते आणि वर विरळ, उंच ढग असतात, त्या दिवशी रंग सर्वांत चांगले खुलतात.

याला एक ठळक अपवाद आहे. १८८३ मधील क्राकाटोआ आणि १९९१ मधील पिनाटुबो या ज्वालामुखींच्या उद्रेकांनंतर जगभर गडद रंगांचे सूर्योदय-सूर्यास्त दिसले. ते कण वातावरणाच्या वरच्या थरात पोहोचले होते. शहरांचा आणि शेतातला धूर खालच्या थरात साचतो, त्यामुळे त्याचा परिणाम उलटा होतो.

कॅमेरा कुठे चुकतो?

कॅमेऱ्याचे प्रकाशमापक समोरचे दृश्य सरासरी करड्या उजेडाचे आहे असे धरून चालते. धुके करड्याहून उजळ असते, म्हणून कॅमेरा ते काळवंडून टाकतो. अशा वेळी एक्स्पोजर अर्धा ते एक स्टॉप वाढवावे लागते. सूर्य चौकटीत आला की उलट घडते. तेथे आकाशाचा तपशील वाचवण्यासाठी ते कमी करावे लागते. मोबाइलवरही हे जमते. पडद्यावर हव्या त्या जागी बोट दाबून धरले की फोकस आणि एक्स्पोजर पक्के होते आणि बोट वर-खाली सरकवून उजेड कमी-जास्त करता येतो.

दुसरी गडबड रंगांची. ‘ऑटो’ व्हाइट बॅलन्स दृश्यावर चढलेला केशरी रंग हा दोष समजून तो काढून टाकतो. ज्या रंगासाठी पहाटे उठायचे तोच हरवतो. व्हाइट बॅलन्स ‘डेलाइट’वर, म्हणजे साधारण ५५०० केल्विनवर ठेवला तर डोळ्यांना दिसणारा उबदारपणा टिकतो. रॉ स्वरूपात चित्र घेतल्यास ही निवड नंतरही करता येते.

तिसरा मुद्दा प्रतिबिंबाचा. पाण्याकडे सरळ वरून पाहिले तर ते पडणाऱ्या प्रकाशाच्या जेमतेम दोन टक्के परत पाठवते. नजर जसजशी पाण्याला समांतर होते, तसतसे परावर्तन वाढत जाते. म्हणून बांधावर उभे राहून घेतलेल्या चित्रापेक्षा काठावर गुडघे टेकून, कॅमेरा पाण्याच्या जवळ नेऊन घेतलेल्या चित्रात प्रतिबिंब भरदार येते. चकाकी कमी करणारा पोलरायझर फिल्टर येथे जपून वापरायला हवा, कारण तो चकाकीबरोबर प्रतिबिंबही पुसू शकतो. शिवाय आकाशावर त्याचा परिणाम सूर्यापासून ९० अंशांवर सर्वाधिक असतो. थेट सूर्याकडे रोखलेल्या कॅमेऱ्यावर त्याचा फारसा उपयोग नाही.

मोठ्या लेन्समधून, विशेषतः डीएसएलआरच्या काचेच्या व्ह्यूफाइंडरमधून, वर आलेल्या सूर्याकडे पाहणे डोळ्यांना घातक ठरू शकते. पहिली काही मिनिटे बिंब मवाळ वाटते. लेन्स मात्र तोच प्रकाश एकवटते. अशा वेळी मागचा पडदा वापरणे सुरक्षित.

उजनीच्या पाण्याचा छायाचित्राशी काय संबंध?

भिगवणला जे ‘नदीचे दृश्य’ म्हणून टिपले जाते, ते धरणाने घडवलेले आहे. सोलापूर जिल्ह्यात माढा तालुक्यातील उजनी येथे भीमेवर बांधलेले धरण १९८० मध्ये पूर्ण झाले. त्याचा फुगवटा पुणे जिल्ह्यातील इंदापूर तालुक्यापर्यंत मागे पसरला. धरणाची एकूण क्षमता सुमारे ११७ टीएमसी आहे. त्यातला निम्म्याहून अधिक, म्हणजे सुमारे ६३ टीएमसी, मृतसाठा आहे. म्हणूनच उन्हाळ्यात ‘उजनी उणे’ अशा बातम्या येतात, तरी पात्रात पाणी दिसत राहते.

छायाचित्रकारासाठी ही टक्केवारी महत्त्वाची आहे. रोहित उथळ पाण्यात, चिखलात चोच उलटी बुडवून अन्न गाळून घेतात. धरण काठोकाठ भरलेले असेल तर अशा उथळ जागा पाण्याखाली असतात. शेतीसाठी आवर्तने सुटतात, पातळी उतरते, दलदल उघडी पडते आणि मग थवे मोठ्या संख्येने दिसू लागतात. पाऊसमान चांगले झालेल्या वर्षी त्यामुळे पक्षी उशिरा स्थिरावतात. पातळी फारच उतरली की पळसदेवचे एरवी पाण्यात असलेले पळसनाथाचे प्राचीन मंदिर उघडे पडते आणि कॅमेरे तिकडे वळतात. एकाच काठावरचे दोन महिन्यांच्या अंतराने घेतलेले छायाचित्र म्हणूनच धरणसाठ्याची नोंदही असते.

त्या पाण्यात आणखी काय दिसते?

इंद्रायणी तुळापूरला भीमेला मिळते. पवना मुळेत येते आणि मुळा-मुठा पुढे भीमेत. पुणे व पिंपरी-चिंचवडच्या सांडपाण्याचा मोठा भार या नद्यांतून अखेर उजनीत येतो. त्यातील नत्र आणि स्फुरद हे शेवाळ व जलपर्णीचे खाद्य. उन्हाळ्याकडे झुकताना पाण्यावर हिरवी साय धरते. सकाळच्या तिरप्या उजेडात ती मखमलीसारखी दिसते, जलपर्णीची जांभळी फुले चित्रात सुरेख येतात. ते सौंदर्य खोटे नाही, पण ते आजारी पाण्याचे लक्षण आहे.

या आजाराची सर्वांत वाईट वेळही पहाटच असते. दिवसा शेवाळ प्रकाशसंश्लेषणातून पाण्यात प्राणवायू सोडते. रात्री प्रकाश नसतो, पण शेवाळासह सगळ्या जिवांचा श्वास चालूच असतो. त्यामुळे पाण्यातील विरघळलेला प्राणवायू सूर्योदयाच्या सुमारास सर्वांत कमी होतो. अशा वेळी मासे पृष्ठभागाशी येऊन तोंडे उघडू लागतात. शांत पाण्यावर उमटणारी ती लहान-लहान वर्तुळे चित्रात नाजूक नक्षी वाटतात. मच्छीमाराला मात्र त्यांचा अर्थ वेगळा दिसतो.

दिल्लीत यमुनेवर हे अधिक उघडपणे घडते. छठपूजेत उगवत्या सूर्याला अर्घ्य देताना पांढऱ्याशुभ्र फेसात उभ्या असलेल्या महिलांची छायाचित्रे जगभर गेली. तो फेस सांडपाण्यातील साबणी द्रव्यांचा होता. आळंदीत इंद्रायणीवर अशाच फेसाचे थर वारंवार दिसले आहेत. ढग उतरल्याचा भास देणारी ती दृश्ये पुरावा ठरली, कारण छायाचित्रकारांनी फेस चौकटीबाहेर काढला नाही. संगणकावर आकाश बदलणे किंवा पाण्यावरचा कचरा पुसणे आज एका स्पर्शाचे काम आहे. उजेड-सावली सावरणे वेगळे आणि नदीत नसलेले दाखवणे किंवा असलेले लपवणे वेगळे. वृत्तछायाचित्रणात दुसऱ्या प्रकाराला परवानगी नसते. वन्यजीव छायाचित्रणाच्या नामांकित स्पर्धाही मूळ रॉ फाइल मागतात, त्या याचसाठी.

थवा उडवण्यात गैर काय?

पंख पसरल्यावर रोहितांचे गुलाबी-काळे रंग उघडे पडतात. उडत्या थव्याचे छायाचित्र म्हणून सर्वांना हवे असते. त्यासाठी होडी थेट थव्यात घालण्याचा आग्रह काही पर्यटक धरतात. पहाट ही पक्ष्यांची खाण्याची वेळ आहे. एक थवा उठला की आजूबाजूचे पट्टकादंब, बदके, करकोचेही उठतात. प्रत्येक उड्डाणात साठवलेली ऊर्जा खर्च होते आणि खाण्याचा वेळ बुडतो. परतीच्या प्रवासासाठी चरबी साठवणाऱ्या स्थलांतरित पक्ष्यांना ही उधळण परवडणारी नाही. वारंवार त्रास झालेली जागा पक्षी सोडतात. मग त्या काठावर होडी चालवणाऱ्या, जेवण-मुक्कामाची सोय करणाऱ्या कुटुंबांचा हंगामही जातो. पूर्वी फक्त मासेमारी करणाऱ्या अनेक तरुणांनी येथे पक्षी ओळखण्याचे कसब कमावून त्यावर घर चालवले आहे.

जाणते नावाडी बरेच आधी इंजिन बंद करतात, बांबूने होडी हळूहळू सरकवतात आणि थव्याच्या एका बाजूला थांबतात. पक्षी माना ताठ करून एकाच दिशेने चालू लागले की ते अस्वस्थ झाले, असे समजून मागे फिरायचे असते. सूर्य आणि पक्षी यांच्याशी रेषा जुळेल अशा जागी आधीच थांबले, तर पक्षी आपणहून उडतात तेव्हाचे चित्र मिळते. त्यात माना सैल, रांगा नीट आणि दिशा स्पष्ट असते. हुसकावलेल्या थव्यातला गोंधळ जाणत्या डोळ्याला लगेच कळतो.

नियम आणि सुरक्षा काय सांगतात?

सगळ्या पाणथळ जागांना सारखे नियम नाहीत. नाशिक जिल्ह्यातील गोदावरी-कादवा संगमाजवळचे नांदूरमध्यमेश्वर हे अभयारण्य आहे आणि २०२० मध्ये ते महाराष्ट्रातील पहिले रामसर स्थळ ठरले. तेथे १९७२ चा वन्यजीव संरक्षण कायदा थेट लागू होतो आणि छायाचित्रणही वनखात्याच्या परवानगीच्या चौकटीतच करावे लागते.

ड्रोनसाठी २०२१ ची नियमावली आहे. २५० ग्रॅमपर्यंतचे नॅनो ड्रोन आणि बिगरव्यावसायिक वापराचे दोन किलोपर्यंतचे ड्रोन उडवण्यासाठी वैमानिक प्रमाणपत्र लागत नाही. मात्र सरकारी डिजिटल नकाशातील लाल आणि पिवळ्या क्षेत्रांत परवानगीशिवाय उड्डाण करता येत नाही. हिरव्या क्षेत्रात परवानगी लागत नसली, तरी थव्यावर ड्रोन नेल्यास पक्ष्यांना तो शिकारी पक्ष्यासारखा भासतो.

पाण्याची जोखीमही गृहीत धरायला हवी. पहाटे वारा पडलेला असतो, पाणी आरशासारखे असते. ऊन तापले की वारा उठतो. वळवाच्या दिवसांत तर तो क्षणात वादळी होतो. २१ मे २०२४ च्या सायंकाळी करमाळा तालुक्यातील कुगाव येथून इंदापूर तालुक्यातील कळाशीकडे निघालेली प्रवासी होडी उजनीच्या पात्रात वादळी वाऱ्याने उलटली आणि सहा जणांचा मृत्यू झाला. त्यामुळे जीवरक्षक जाकीट अंगावर बांधलेले असणे, होडीत क्षमतेइतकीच माणसे असणे आणि चित्रासाठी सर्वांनी एका बाजूला न झुकणे, या गोष्टींना तडजोड नाही. धरणाच्या खालच्या अंगाला नदीपात्रात उतरणाऱ्यांनी विसर्गाची सूचना पाहूनच जावे. कोरडे वाटणारे पात्र दरवाजे उघडल्यावर पाहता पाहता भरते.

भिगवणला जाण्याआधी म्हणून चार गोष्टी पाहाव्यात : सूर्योदयाची वेळ आणि दिशा, रात्रीचे आकाश आणि वारा, उजनीची टक्केवारी आणि नावाडी इंजिन कुठे बंद करतो ते. पहिल्या तीन गोष्टी कोणाच्या हातात नाहीत. चौथी मात्र होडीत बसलेल्या प्रत्येकाच्या हातात आहे. पुढच्या हिवाळ्यात थवा त्याच काठावर उतरेल की नाही, हे बऱ्याच अंशी तिच्यावर ठरणार आहे.